उजवा कोपरा

बारकूकाका,

आधी दुरुस्ती. कबड्डीच्या त्या सामन्यात तुम्ही उजव्या कोपऱ्यात उभे होतात. माझ्या पत्रकात डावा कोपरा असं छापून गेलं होतं. पत्रक वाटून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एवढंच म्हणालात, "डावा नाय गं, उजवा. मी सगळा जन्म उजव्या कोपऱ्यात काढला." मी म्हटलं, पुढच्या पत्रकात दुरुस्त करते. त्याला दोन वर्षं झाली. पुढची पत्रकं निघाली, पाणीपुरवठ्यावर, शाळेला शिक्षक नाही त्यावर, रिसॉर्टवाल्यांनी अडवलेल्या पायवाटेवर. ती दुरुस्ती एकातही आली नाही. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले आणि आता मी ती करते आहे.

रविवारी कशेळ्याचे सामने सुरू होतील. त्याआधी तुमच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं आहे. मंडळाची पोरं घरी आली, म्हणाली, "ताई, एक पानाचं काहीतरी लिहा. मनमिळाऊ, हसतमुख, कबड्डीवर प्रेम करणारे, असं." मी हो म्हटलं आणि लिहायला बसले. पण तुम्ही हसतमुख नव्हतात. गिऱ्हाइकाचा टायर उघडल्यावर तुम्ही असे बघायचात की त्यानंच जाणूनबुजून खिळ्यावर गाडी घातली असावी. म्हणून ते पान बाजूला ठेवलं आणि हे लिहिते आहे. हे लांबेल.

आपली ओळख पंक्चरमुळे झाली हे तुम्हाला आठवत असेल. मी कळंबच्या रिसॉर्टमध्ये नोकरीला नवीन लागले होते. कशेळ्याच्या नाक्यावर स्कूटीचं मागचं चाक बसलं. तुमच्या पत्र्याच्या दुकानात तुम्ही मोबाइलला ट्यूबच्या खोक्याचा टेकू देऊन कबड्डीची लीग बघत होतात. कळंबचा सागर चढाईला गेला होता. मी सहज म्हटलं, "आता उजवीकडून हात मारेल." त्यानं मारला. तुम्ही चाक सोडून माझ्याकडे पाहिलंत. "कोणाची गं तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. तुम्ही परत चाकाकडे वळलात. ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधलंत. मग म्हणालात, "बाप बरा हाय ना?"

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, ते चार वर्षं चाललं. तुमचा माणूस धोंडू. कोंडाण्याचा, मातीतला, मी जन्मण्याआधी खेळून संपलेला. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला की त्याची डाव्या पायावर रेलून उभं राहायची सवयसुद्धा मला पाठ आहे. माझा माणूस सागर. मॅटवरचा, बूट घालून खेळणारा.

"तुझ्या सागरला आमच्या मातीत उतरव. दोन चढायांत घोटा धरून बसंल."

"तुमच्या धोंडूला मॅटवर उतरवा, काका. तीस सेकंद झाल्यावर शिट्टी वाजली की विचारेल, कोणाचं लग्न आहे."

"त्याला काय करायचीत तीस सेकंद? त्याचा दमच संपायचा नाय."

"तेच म्हणते मी. तो आत नुसता उभा राहायचा आणि लोक चहा पिऊन परत यायचे."

"चहा पिऊन यायचे नाय. श्वास रोखून बसायचे. तुमी आता मोबाइलवर बोटं फिरवत बघता."

जीपवाला मागून ओरडायचा, "अहो, तुमचा धोंडू मेला, सागर तिकडं जेवत असंल, माझं चाक तेवढं द्या." तुम्ही त्याला म्हणायचात, "तू बस. कळत नाय त्यात बोलू नको."

माझा मुद्दा तत्त्वाचा होता आणि आजही आहे. मातीचं कौतुक करणाऱ्यांना मातीत फुटलेले गुडघे दिसत नाहीत. धोंडू तिशीत संपला. त्याला ना डॉक्टर मिळाला ना नोकरी. सागरला दोन्ही मिळालं. खेळाडूच्या हालांना मोठेपणा म्हणायचं हे मला मान्य नाही. तुम्ही हे ऐकून घ्यायचात. मग शांतपणे तुमचा हुकमी मुद्दा काढायचात.

"ते सगळं खरं. पण आमच्यात एक होतं. हात लागला की लागलेला माणूस आपणहून हात वर करून बाहेर जायचा. पंचानं बघितलं नसंल तरी. तुमची पोरं काय करतात? रिव्ह्यू मागतात. टीव्हीकडं बघतात आणि टीव्हीनं पकडेपर्यंत साळसूद उभी राहतात."

ह्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. ते मी दोन वर्षं काढलं नाही.

ते उत्तर म्हणजे बाबांची एक जुनी चढाई, मला लहानपणापासून ऐकून माहीत असलेली. कशेळ्याचाच उपांत्य सामना. भात काढून झाल्यावर रिकाम्या शेतात ढेकळं फोडून, माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेलं मैदान, त्यावर फक्कीच्या रेषा. एका बाजूला तुमचा कशेळ्याचा संघ, दुसऱ्या बाजूला आमच्या बौद्धवाडीचा. गुण बरोबरीत. शेवटची चढाई बाबांची. बाबांनी कोपऱ्यातल्या तुमच्यावर हात टाकला आणि कडेच्या पट्टीतून, लॉबीतून, पळत आपल्या बाजूला परत आले. हात लागला असेल तर लॉबीतून येणं चालतं, गुण मिळतो, बौद्धवाडी जिंकते. लागला नसेल तर लॉबीत पाय पडताच चढाईवालाच बाद. पंचाला मधल्या गर्दीत दिसलं नव्हतं. बाबा हात लागल्याची खूण म्हणून बोट वर करून उभे. पंचानं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हात वर केला नाही. पंचानं बाबांना बाद दिलं.

मी आठ वर्षांची असताना बाबांना विचारलं होतं, "मग तुम्ही हरलात?" बाबा खालापूरकडच्या कारखान्यातून पाळी संपवून आले होते, बूट काढत होते. म्हणाले, "हरलो नाय. हात लागला होता. त्यानं हात वर केला नाय."

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबांच्या युनियनची, जयंतीची, मोर्चांची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. त्या पत्रकांतून मला एक गोष्ट पक्की कळली होती. अन्याय झाला की तो छापायचा आणि ज्यानं केला त्याचं नाव लिहायचं. तुमचं नाव माझ्या डोक्यात तेव्हापासून छापून तयार होतं. तुमच्या बाकावर बसून मी तुमचा चहा पीत होते तेव्हाही.

मग तो लीगचा बाद फेरीचा सामना. सागरच्या संघाच्या सामन्याचं शेवटचं मिनिट, एका गुणाचा फरक. समोरच्या कोपऱ्यातल्या गड्याच्या बोटाला सागरचा चवडा लागला आणि तो गडी जागचा हलला नाही. रिव्ह्यूत स्पष्ट दिसलं. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "बघ. हे बघ. आमच्यात असला माणूस गावात तोंड दाखवू शकला नसता."

मी म्हटलं, "मग तुम्ही कसं दाखवलंत?"

तुम्ही विचारलंत, "कसली गोष्ट करतेस?" मी सांगितली. तुम्हाला सांगायची गरज नव्हती, पण मी पहिल्यापासून सगळी सांगितली.

"लागला नव्हता," तुम्ही म्हणालात.

"असं कोणीही म्हणेल."

"लागला नव्हता गं. हातभर लांब होता. बापाला विचार."

"बाबांनीच सांगितलंय. लागला होता म्हणून."

तुमच्या हातात रबराचा तुकडा होता, त्याला सोल्युशन लावून झालं होतं. ते वाळून गेलं तरी तुम्ही तो चिकटवला नाही. "बापानं सांगितलं?"

"हो."

"तुला?"

"मला."

"मग लागला असंल," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर तुम्ही आणखी एक गोष्ट बोललात. तुम्ही म्हणालात, "त्या वर्षी तालुक्याचा संघ निवडला तेव्हा मी निवडीला बसलो होतो. तुझ्या बापाचं नाव आलं. कोणीतरी म्हणालं, बौद्धवाडीचा कशाला, बाकीची पोरं एकत्र जेवायची नायत. सगळे गप्प बसले. मीपण बसलो. बोलायला पाहिजे होतं. तुझा बाप त्या संघात पाहिजे होता."

हे मी ऐकलं आणि ओलांडून पुढे गेले. हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. आमच्या लोकांना संघात घेत नाहीत ही रोजची बातमी होती, तिला मथळा होत नव्हता. माझा मथळा मला मिळाला होता. आठवड्याभरात मी पत्रक काढलं: "अखेर कबुली: हात लागला होता." तीनशे प्रती, कशेळ्याच्या सामन्यांच्या दिवशी मैदानाच्या तोंडाशी उभं राहून मी स्वतः वाटल्या. त्यात मी लिहिलं, डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूनं जातीच्या अहंकारापायी हात खाली ठेवला आणि इतक्या वर्षांनी सत्य मान्य केलं. निवडीच्या बैठकीबद्दल तुम्ही जे बोललात त्यातलं एक अक्षर घातलं नाही. जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. माइकवरून तुमचं नाव घेतलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "हात वर करा, काका." लोक हसले. तुम्ही उठलात, शाल घेतलीत, नमस्कारासाठीही हात छातीच्या वर नेला नाहीत आणि परत जाऊन बसलात. मी रेषेपासून दहा पावलांवर होते. मला वाटलं, न्याय झाला.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दुकानावर आले ती तयारीत आले होते. तुम्ही ओरडणार, मी उत्तर देणार. पण ते पत्रक तुम्ही पत्र्याला चिकटवलेलं होतं, माझी आधीची सगळी पत्रकं चिकटवायचात तसंच, पंक्चरच्या सोल्युशननं. एकच शब्द पेनानं खोडला होता. डाव्या. वर लिहिलं होतं, उजव्या. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं.

आपलं भांडण पुढेही चालू राहिलं. म्हणून मला वाटत आलं की काही बिघडलं नाही. तुम्ही मला पाय बघायला शिकवत राहिलात. "चढाईवाल्याच्या डोळ्यांत बघू नको, डोळे खोटं बोलतात. मागच्या पायाची टाच बघ." कर्जतला मुलींचे सामने झाले तेव्हा तुम्ही कुरकुर करत आलात आणि परत जाताना म्हणालात, "त्या चष्म्यावाल्या पोरीला घोट्याची पकड कळते. धोंडूला धरला असता तिनं." धोंडूला धरणारं कोणी जगात आहे हे तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. सागर जास्त हुशार खेळतो, हेही तुम्ही नंतर मान्य करायला लागलात. मी जिंकत होते.

मी का जिंकत होते ते मला गेल्या आठवड्यात कळलं. त्या पत्रकानंतर तुम्ही तुमचा हुकमी मुद्दा कधीच काढला नाही. "आमच्यात हात वर करून बाहेर जायचे" हे वाक्य दोन वर्षांत एकदाही बोलला नाहीत. ते बोलायचा हक्क मी तुमच्याकडून काढून घेतला होता आणि मला वाटत होतं माझे युक्तिवाद सुधारलेत.

तुमच्या अंत्यविधीला बाबा आले होते. तुम्हाला नेऊन सगळे परतले तरी ते नदीच्या काठावर उभे होते. परत येताना ते माझ्या मागे स्कूटीवर होते. मैदानापाशी म्हणाले, "थांब जरा." पोरं रोलर फिरवत होती. बाबा बांधावर बसले.

"हात लागला नव्हता," ते म्हणाले.

मी विचारलं, "कोणाचा?"

"माझा. बारकूला. हातभर लांब होता तो. मी बोट वर केलं ते उगाच. पंच फसला तर फसला म्हणून."

मी म्हटलं, "तुम्ही मला सांगितलंत लागला म्हणून."

"तू आठ वर्षांची होतीस. तोंड एवढंसं करून विचारलंस, हरलात का. निघून गेलं तोंडातून."

"आणि पत्रक काढलं तेव्हा? तेव्हा मी आठ वर्षांची होते का?"

"तेव्हा गेलो होतो मी त्याच्याकडं. दुसऱ्या दिवशी सकाळीच, तू यायच्या आधी. म्हटलं, बारकू, मी सांगतो सगळ्यांना. तर म्हणाला, आता नको. पोरीनं छापलंय. तिचं पहिलंच मोठं पत्रक हाय, बाप खोटा निघाला तर परत लिहायची नाय ती. मला कोण विचारतंय आता, चाकात हवा भरतो मी." बाबांनी बांधावरचं एक ढेकूळ हातानं फोडलं. "मी ऐकलं त्याचं. मला तेच पाहिजे होतं."

मी बाबांशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी चुकीच्या माणसावर रागावले आहे. बाबांनी एक खोटं एका लहान मुलीला सांगितलं. मी ते तीनशे लोकांना वाटलं. आणि तुम्ही मला खरं सांगितलं होतं. दोनदा, साध्या शब्दांत, लागला नव्हता. मी ते ऐकलं नाही, कारण माझं पत्रक आधीच लिहून झालं होतं. तुमचा नकार मला खोटेपणा वाटला आणि "मग लागला असंल" हे तुमचं एकमेव खोटं वाक्य मी सत्य म्हणून मथळ्यात टाकलं. ते तुम्ही माझ्या बापासाठी बोलला होतात.

काका, एक स्पष्ट लिहिते, नाहीतर लोक म्हणतील पत्रकवाली नरमली. आमच्या वाडीच्या पोरांना वर्षानुवर्षं तालुक्याच्या संघात घेतलं नाही, हे खरं आहे. जेवणाची पंगत वेगळी बसायची, हे खरं आहे. ह्यातलं मी काहीही मागे घेत नाही. पण ज्या अन्यायाबद्दल मला लिहायचं होतं तो त्या चढाईत नव्हता. तो निवडीच्या बैठकीत होता, आणि त्या बैठकीतले जे कोणी आज हयात आहेत त्यांतला एकही आजवर बोललेला नाही. तुम्ही बोललात. न विचारता, पंचानं पाहिलं नसताना. तुमच्या दुकानात, माझ्यासमोर, तुम्ही हात वर केला होता आणि मी सागरची चढाई बघत होते.

हे मी तुम्हाला तुमच्या बाकावर बसून सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाला असतात, "चहा पी." मग म्हणाला असतात, "तरी धोंडूच मोठा." तेवढ्यावर तो विषय मिटला असता. मिटायला इतका थोडा वेळ लागला असता ह्याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो.

आता रविवारचं. मंडळातल्या एकानं सुचवलं, पहिल्या चढाईला दोन्ही संघांनी उजवा कोपरा मोकळा ठेवावा, काकांच्या नावानं. सगळ्यांना आवडलं. मी नको म्हटलं. तुम्ही ते बघून उठून गेला असतात. कोपरा मोकळा ठेवून कोणी खेळतं का, चढाईवाल्याला फुकटचा रस्ता. पोरं हसली, मान्य केलं. त्या कोपऱ्यात नेहमीचाच गडी उभा राहील आणि नीट खेळेल.

पत्रक मात्र निघणार आहे. तीनशे प्रती, तेवढ्याच, त्याच तोंडाशी. निवडीच्या बैठकीतलं तुमचं बोलणं ह्या वेळी पहिल्या परिच्छेदात आहे. चढाईबद्दल मी लिहिलं होतं, "हात लागल्याचा समज चुकीचा होता." काल रात्री जेवणं झाल्यावर बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला, ते वाक्य खोडलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "हात लागला नव्हता. मला तेव्हाच ठाऊक होतं." खाली सही केली. मग म्हणाले, "माइकवरपण मीच बोलतो." बाबा युनियनमध्ये वीस वर्षं होते, माइकसमोर कधी उभे राहिले नाहीत. आज सकाळपासून ती दोन वाक्यं ते अंगणात फेऱ्या मारत म्हणून बघताहेत.

सागर धोंडूपेक्षा मोठा आहे, हे माझं मत कायम आहे. तुमचा हुकमी मुद्दा तुम्हाला परत केला आहे, तरीही कायम आहे. आता उत्तर द्यायला तुम्ही नाही, म्हणून मी ते मोठ्यानं कुठे म्हणत नाही.

आज छापखान्यात जाते आहे. प्रूफ तीनदा वाचलं. उजवा लिहिलं आहे.